कमिट आणि पुशच्या मधला मुक्काम

महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगाव सोडलं की डब्यात दोन-चार लॅपटॉप उघडतात. सुट्टी संपवून पुण्याला परतणारी पोरं असतात. धुळ्याची मंडळी चाळीसगावला चढतात. मनमाडच्या पुढे मोबाइलचा सिग्नल कधी असतो, कधी नसतो, पण काम अडत नाही. चार ओळी लिहिल्या, कमिट. आणखी सहा ओळी, पुन्हा कमिट. पुण्यात खोलीवर पोचून वायफाय लागलं की एकदम पुश. २००५ च्या आधी हे बहुतेकांना जमलं नसतं. सीव्हीएस किंवा सबव्हर्जन या जुन्या साधनांमध्ये कमिट म्हणजे थेट सर्व्हरवर नोंद. सर्व्हर नाही तर कमिटही नाही. गिट आणि मर्क्युरिअल, दोन्ही २००५ च्या एप्रिलात जन्मलेली भावंडं. या एका कृतीचे दोन तुकडे करण्याची रीत त्यांनी सर्वदूर रुळवली. स्वतःपुरती नोंद ठेवणं वेगळं आणि ती दुसऱ्याच्या हाती देणं वेगळं.

या दोहोंच्या मधे जी मोकळी जागा मिळाली, तिचं आपण काय करतो? माझं निरीक्षण असं, की बहुतेक जण काहीच करत नाहीत. रिव्ह्यू म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती पुल रिक्वेस्ट, म्हणजे पुश झाल्यानंतरची गोष्ट. कोणीतरी सीनियर पाहील, शेरे मारेल, मग दुरुस्त करू. आपल्या बदलाचा पहिला वाचक दुसराच कोणी असतो आणि यात काही वावगं आहे असं कोणाला वाटत नाही. मला वाटतं.

मुळात डिफ हे पुष्कळ जुनं हत्यार आहे. दोन फायलींमधला फरक ओळीओळीने दाखवणारा हा प्रोग्रॅम १९७४ साली युनिक्ससोबत आला. तो डग्लस मॅकिलरॉय यांचा. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी पॅच लिहिला आणि फरकाची ही यादी ई-मेलने पाठवून दुसऱ्याच्या फाइलवर चढवता येऊ लागली. त्याच्या आधी, १९७६ मध्ये, आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी तपासणीची रीतसर बैठक मांडली होती. तिथे कोड समजावून सांगत वाचायचा, बाकीच्यांनी दोष टिपायचे, आणि दुरुस्तीची चर्चा मात्र तिथे करायची नाही. ती बैठक आज फारसं कोणी भरवत नाही, कारण आपल्या कामाच्या वेगात ती बसत नाही. तिच्यातलं एक शहाणपण मात्र टिकायला हवं होतं: बदल मोठ्याने वाचून पाहणं. पडद्यावर डोळे घसरतात, जीभ अडखळते.

आमच्या खानदेशात या प्रश्नाची एक जुनी शाखा आहे आणि तिला कॉम्प्युटर लागत नव्हता. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली, २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे विनोबांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं दिली. लिहून घेत होते अमळनेरचे साने गुरुजी. पुढे ते पुस्तक झालं, पण त्याआधी टिपलेला मजकूर विनोबांच्या नजरेखालून गेला. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि छापण्याआधी पुन्हा पहिल्याने तपासलेलं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘गीताई’ची, म्हणजे विनोबांनी मराठी पद्यात आणलेल्या गीतेची, गोष्ट मला याहून जवळची वाटते. ती लिहून झाली होती ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत. लिहून झाल्यावर विनोबांनी ती आश्रमातल्या लहान मुलीला शिकवून पाहिली आणि जिथे ती अडली तिथे शब्द बदलले. आमच्या धंद्यात याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि ते सहसा विक्रीनंतर होतं.

त्याच धुळ्यात याची दुसरी बाजूही दिसते. शंकर श्रीकृष्ण देवांनी मठामठांतून रामदासी बाडं गोळा केली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि त्यांच्या मागे त्यांचे कागद सांभाळायला राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. या माणसांचं आयुष्य कशात गेलं? एकदा विखुरलेल्या प्रती पुन्हा एकमेकींशी ताडून पाहण्यात. मठ शेकडो, प्रती शेकडो. प्रत्येक नकलाकाराने एखादा शब्द गाळलेला, एखादा आपल्या पदरचा घातलेला. विकेंद्रित व्यवस्था म्हणतात ती हीच. फक्त तिला डिफ नव्हता. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नकलाकार एक ठरावीक हात झटकतात: जसं पाहिलं तसं लिहिलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात ‘आहे तसं, कोणत्याही हमीशिवाय’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं वाचताना मला हमखास तो नकलाकार आठवतो.

गिटने त्या नकलाकाराचा अर्धा प्रश्न सोडवला. प्रत्येक कमिटला चाळीस अक्षरांची एक खूण असते. ती त्या कमिटच्या मजकुरावरून आणि मागच्या कमिटच्या खुणेवरून काढलेली असते, त्यामुळे मधे कुठे कानामात्रा जरी बदलली तरी पुढच्या सगळ्या खुणा बदलतात. जळगावची प्रत आणि पुण्याची प्रत एकच आहे का, हे क्षणात कळतं. राजवाड्यांना हे मिळतं तर त्यांनी काय दिलं नसतं! पण ही खूण प्रत बिनचूक असल्याचं सांगते, मजकूर बिनचूक असल्याचं नाही. चूक केली तर गिट ती चूक अत्यंत निष्ठेने, अक्षर न अक्षर, जगाच्या अंतापर्यंत जपून ठेवतं.

प्रती ताडून पाहण्याचा फायदा दाखवणारा एक किस्सा २००३ च्या नोव्हेंबरातला. लिनक्स कर्नलचं मुख्य काम तेव्हा बिटकीपर या विकेंद्रित साधनात चाले आणि सोयीसाठी त्याची एक सीव्हीएस प्रतही ठेवलेली असे. त्या प्रतीत कोणीतरी परस्पर दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक निरुपद्रवी तपासणी होती. वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, एवढंच विचारणारी. पण ‘बरोबर आहे का’ विचारणाऱ्या दोन बरोबर-चिन्हांच्या जागी एकच चिन्ह होतं. म्हणजे प्रश्न विचारायच्या ऐवजी तो क्रमांक थेट शून्य करून टाकायचा, आणि शून्य म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. ते पकडलं गेलं, कारण या बदलाला मूळ बिटकीपरमध्ये नोंदच सापडेना. नुसतं डोळ्यांनी वाचून ते एक चिन्ह किती जणांनी पकडलं असतं, कोण जाणे.

आता प्रत्यक्ष पाहायचं कसं? नवख्याची पहिली फसगत इथेच होते. नुसतं ‘गिट डिफ’ म्हटलं की जे अजून स्टेजवर चढवलेलं नाही तेवढंच दिसतं. सगळं स्टेज करून टाकलं तर पडदा रिकामा, आणि माणूस समजतो काही बदललंच नाही. कमिटमध्ये नेमकं काय जाणार हे पाहायचं तर त्यापुढे ‘स्टेज्ड’ हा पर्याय जोडावा लागतो. आणि दोन्हीकडे न दिसणारी तिसरी गोष्ट म्हणजे अगदी नवी फाइल, जी गिटला अजून माहीतच नाही. ती फक्त ‘स्टेटस’मध्ये खाली नावापुरती दिसते. माझ्या मशीनवर चालतं, तुझ्याकडे नाही, या रोजच्या भांडणाच्या मुळाशी बऱ्याच वेळा ही विसरलेली फाइल असते.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची सवय म्हणजे ‘अ‍ॅड’ करताना ‘पी’ हा पर्याय वापरणं. मग गिट बदलाचा एकेक तुकडा समोर ठेवतं आणि विचारतं, हा घेऊ की नको? प्रत्येक तुकड्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. तपासासाठी घातलेली छापणारी ओळ, वैतागून लिहिलेली टिप्पणी, दुसऱ्याच कामाचा चुकून शिरलेला भाग, हे सगळं तिथल्या तिथे सापडतं. यातही एक खाच आहे. तुकडे निवडून केलेला कमिट तुम्ही तसाच्या तसा कधी चालवून पाहिलेला नसतो. तुम्ही चालवलेलं असतं निवडलेलं आणि वगळलेलं दोन्ही पोटात असलेलं फोल्डर. म्हणून उरलेलं ‘स्टॅश’मध्ये बाजूला ठेवून एकदा टेस्ट चालवाव्यात. मीही हे दर वेळी करत नाही. केलं नाही तेव्हा पस्तावलोय.

पुशच्या आधीचं वाचन याहून वेगळं. तिथे एक कमिट पाहायचा नसतो, तर सगळी रांग पाहायची असते: माझ्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही असं काय काय आहे? मर्क्युरिअलमध्ये याला सरळ ‘आउटगोइंग’ नावाची आज्ञा आहे. ती पलीकडच्या रेपोला विचारूनच उत्तर देते. गिटमध्ये वरच्या शाखेपासून आपल्यापर्यंतचा लॉग डिफसह मागायचा, आणि त्याआधी ‘फेच’ करायचं, कारण गिट पलीकडची शेवटची ऐकीव बातमी प्रमाण धरतं. या बाबतीत मर्क्युरिअल जास्त सभ्य आहे असं माझं प्रामाणिक मत. त्याने २०१२ पासून प्रत्येक बदलाला अवस्थाच दिली: गुप्त, कच्चा आणि सार्वजनिक. पुश झाला की कच्चा बदल सार्वजनिक होतो आणि मग तो पुन्हा लिहायला मर्क्युरिअल नकार देतं. गिटमध्ये ही लक्ष्मणरेषा आपली आपण आखायची असते आणि रेषा ओलांडणारा ‘फोर्स’ नावाचा हातोडा प्रत्येकाच्या हाताशी असतो. मर्क्युरिअल तरीही मागे पडलं, गिट जिंकलं. बाजारात सभ्यतेला किती भाव असतो ते आपण जाणतोच.

मर्ज ही आणखी एक अंधारी जागा. दोन शाखा जुळवताना भांडण लागलं की आपण हाताने सोडवतो, आणि त्या गडबडीत केलेला बदल लॉगमध्ये डिफ मागितला तरी आपसूक दिसत नाही. मर्ज कमिटचा डिफ ‘लॉग’ सहसा दाखवतच नाही. २०२२ मध्ये गिटने ‘रीमर्ज डिफ’ आणला. तो मर्ज मनातल्या मनात पुन्हा करून पाहतो आणि तुम्ही हाताने काय वेगळं केलंत ते काढून दाखवतो. आमच्याकडे तो वापरणारे मी बोटांवर मोजलेत.

मराठीत काम करणाऱ्यांना एक जादा डोकेदुखी आहे आणि तिच्याबद्दल गिटच्या इंग्रजी पुस्तकांत सहसा काही मिळत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दोन, साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडणारं अक्षर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एकाच्या कीबोर्डने पहिला प्रकार लिहिला, दुसऱ्याच्या कीबोर्डने दुसरा. मग डिफ म्हणतो ओळ बदलली, लाल ओळ वर आणि हिरवी खाली, आणि तुम्ही पाच मिनिटं डोळे फाडून पाहता तरी फरक दिसत नाही. शेतकऱ्यांची नावं शोधणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा फरक म्हणजे काही नावं न सापडणं. यावर उपाय एकच: संघाने एक प्रकार ठरवायचा आणि कमिटच्या आधी एका छोट्या स्क्रिप्टने दुसरा प्रकार हुडकायचा. अशा अदृश्य अक्षरांचा डाव मुद्दाम टाकता येतो हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं आणि जग दचकलं. आमचा र आम्हाला त्याआधीपासून दचकवत होता. फाइलचं नाव देवनागरीत ठेवलंत तर आणखी गंमत. गिट ते नाव न छापता तिरप्या रेघा आणि आकड्यांची माळ छापतं. ‘कोटपाथ’ ही सेटिंग बंद केली की नाव माणसासारखं दिसू लागतं. ते न कळल्याने कित्येक पोरं फायलींना नाइलाजाने इंग्रजी नावं देतात.

आणि गुपितं. माझीच चूक सांगतो. केळी उत्पादकांच्या नोंदणीचं एक लहानसं काम होतं. चाचणीसाठी मिळालेली यादी मी फोल्डरमध्येच टाकली, त्यात खरी नावं होती, खरे मोबाइल नंबर होते. एका संध्याकाळी घाईत सगळं ‘अ‍ॅड’ केलं, कमिट, पुश. तासाभराने ध्यानात आलं तेव्हा फाइल काढून दुसरा कमिट केला आणि सुटलो म्हणून चहा घ्यायला गेलो. सुटलो नव्हतो. आधीचा कमिट इतिहासात होताच, आणि मधल्या तासात दोघांनी पुल केलेलं होतं. विकेंद्रित असण्याची किंमत हीच. एकदा दिलेलं परत मागता येत नाही, कारण प्रत्येकाकडे पूर्ण इतिहास आहे. इतिहास पुन्हा लिहिण्याची साधनं आहेत, पण ती तुमच्या प्रतीवर चालतात, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नाही. पासवर्ड गेला असेल तर तो बदलणं हाच खरा इलाज; लोकांचे मोबाइल नंबर मात्र बदलता येत नाहीत. गिटहबने २०२४ पासून सार्वजनिक रेपोंमध्ये ओळखीच्या घाटाच्या किल्ल्या पुशच्या वेळीच आपसूक अडवायला सुरुवात केली, हे चांगलंच. पण शेतकऱ्याचा नंबर किल्लीसारखा दिसत नाही. तो माणसालाच ओळखावा लागतो.

हूक नावाच्या छोट्या स्क्रिप्ट इथे मदत करतात; कमिटच्या आधी एक, पुशच्या आधी एक. लोक त्यांच्यावर फार विसंबतात आणि एक साधी गोष्ट विसरतात, की रेपो क्लोन केला तरी हूक सोबत येत नाहीत. प्रत्येक नव्या मशीनवर ते मुद्दाम बसवावे लागतात.

इतकं स्वतः पाहिल्यावर दुसऱ्याने पाहायची गरज उरते का? उरते, आणि तिचा अभ्यासही झालाय. २००६ मध्ये सिस्कोमधल्या रिव्ह्यूंच्या पाहणीतून निघालं ते असं, की एका बैठकीत दोनशे ते चारशे ओळींपलीकडे माणसाला दोष सापडेनासे होतात. गूगलने २०१८ मध्ये आपल्या कामाची माहिती दिली, तेव्हा त्यांच्या बदलांचा मध्यक फक्त २४ ओळींचा होता. मला सर्वांत पटलेली पाहणी मायक्रोसॉफ्टमधली, २०१३ ची. लोकांना विचारलं तर रिव्ह्यू दोष शोधायला करतो म्हणतात. प्रत्यक्षात त्यातून दोष कमी निघतात आणि एकमेकांचं काम समजणं जास्त घडतं. मग दोष शोधायची पहिली जबाबदारी कोणावर आली? ज्याने लिहिलं त्याच्यावर.

लिनक्समध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स स्वतः प्रत्येक ओळ वाचत बसत नाहीत. त्या त्या भागाचे सांभाळणारे असतात, त्यांच्याकडून पारखून आलेलं ते ओढून घेतात. म्हणूनच शब्द ‘पुल’ आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यातली फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथे शेतकरी स्वतः पाण्याला हात लावत नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाणी देतो, सगळ्यांना, ठरल्या क्रमाने. आपल्याच शेताचं पाणी आपण नाही घ्यायचं, हा नियम ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यामुळे बंधाऱ्याचं पाणी कालव्याच्या शेपटापर्यंत पोचतं. मात्र पाटकरी शेतात यायच्या आधी सऱ्या-वाफे नीट करून ठेवणं शेतकऱ्याचंच काम. बांध फुटका ठेवून पाटकऱ्याला बोल लावता येत नाही.

पुल रिक्वेस्टच्या पद्धतीने नेमकं हे बिघडवलंय, असं मी गेली काही वर्षं पाहतोय. आमच्याकडे येणारी मुलं जळगाव, बांभोरी, शिरपूरच्या कॉलेजांतून येतात. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये सहसा चौघं असतात, कोड एकट्याने लिहिलेला असतो आणि उरलेल्या तिघांच्या नावावर एकेक लुटुपुटूचा कमिट असतो. त्यात वाचण्याची सवय लागत नाही. लिहिण्याची लागते, आता तर तीही कमी, कारण मशीन लिहून देतं. मशीनने लिहिलेला बदल हा विषय अजून पुरता उलगडायचाय. तिथे लेखक कोण हाच प्रश्न असतो, आणि लेखकच नसेल तर पुशच्या आधीचं वाचन कोणी करायचं?

गेल्या महिन्यात साक्रीकडच्या एका मुलाने आठशे ओळींचा बदल माझ्याकडे पाठवला. विचारलं, “तू वाचलास का रे?” म्हणाला, “टेस्ट सगळ्या पास झाल्यात, सर.” मी म्हटलं, “भाऊ, ते नाही विचारलं.” बदल तसाच परत पाठवला, एकही शेरा न मारता. दोन दिवसांनी तो तीनशे ओळींचा होऊन आला. सोबत स्वतःहून एक ओळ लिहिली होती: एका फंक्शनचा अर्थ लागत नव्हता, म्हणून ते काढून पाहिलं, तर कुठेच वापरलेलं नव्हतं.